उतरलेले वजन आणि परतीची धास्ती
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनी चार शब्द बोलण्याची संधी मला दिली, याबद्दल मी चिटणीसबाईंची आभारी आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. व्यासपीठावर उभे राहून बोलण्याची मला सवय नाही. तरी चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही जे अंगावर काढलंत त्यावरच बोला, पुस्तकातलं बोलायला दुसऱ्या आहेत." त्यांचा शब्द मोडवेना, म्हणून उभी आहे.

माझा विषय असा आहे की, वजन कमी करण्यासाठी पोटाची शस्त्रक्रिया केलेल्या बाईला 'आपले वजन पुन्हा वाढेल की काय' अशी जी धास्ती लागून राहते, तिचे काय करावे? तुम्ही म्हणाल, जळकोटात अशी शस्त्रक्रिया केलेल्या बाया त्या किती, आणि आम्हाला हे ऐकून काय करायचे? पण भगिनींनो, २०१९ ते २०२१ या काळात देशभर जी कुटुंब आरोग्य पाहणी झाली, तीत १५ ते ४९ वयाच्या दर १०० बायकांत २४ जणींचे वजन प्रमाणाबाहेर आढळले. आणि त्याच शंभरांत सुमारे १९ जणी प्रमाणापेक्षा बारीक निघाल्या. म्हणजे एकाच गल्लीत एकीला अंगावर मास नाही म्हणून काळजी, आणि दुसरीला ते उतरत नाही म्हणून काळजी. तेव्हा हा विषय माझ्या एकटीचा नाही. शिवाय, वजन कुठल्याही उपायाने उतरवा, परतीची धास्ती सर्वांना सारखीच असते.

प्रथम शस्त्रक्रियेविषयी सांगते, कारण तिच्याविषयी आपल्याकडे गैरसमज फार आहेत. पोट फाडून चरबी कापून काढतात, असे पुष्कळ जणींना वाटते. तसे नाही. चरबीला हातही लावत नाहीत. दुर्बिणीतून पोटात शिरून जठर लहान करतात. माझी जी शस्त्रक्रिया झाली तिच्यात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात, आणि उरतो तो केळ्याच्या आकाराचा एक नळीसारखा भाग. त्यामुळे थोड्या घासांत पोट भरते. शिवाय जठराच्या ज्या भागातून भूक लावणारा स्राव जास्त तयार होतो, तोच भाग निघून जातो, म्हणून भूकही मंदावते. या स्रावाला डॉक्टर ग्रेलिन म्हणतात. दुसऱ्या एका प्रकारात जठराची लहानशी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. ही पद्धत अमेरिकेतल्या आयोवा येथील डॉक्टर एडवर्ड मेसन यांनी १९६६ च्या सुमारास सुरू केली. म्हणजे ही विद्या काही काल-परवाची नव्हे.

२०२१ साली पुण्यात माझी शस्त्रक्रिया झाली, तेव्हा माझे वजन ११६ किलो होते. उंची पाच फूट एक इंच. एवढ्या उंचीच्या बाईचे वजन ६० किलोंच्या वर गेले की आपल्या देशातले डॉक्टर त्याला लठ्ठपणा म्हणू लागतात. मी तर त्याच्या जवळजवळ दुप्पट होते. साखर होती, रक्तदाब होता, गुडघे धरले होते, रात्री घोरताना श्वास अडकत असे. घरच्यांनी सोयाबीनचे आलेले पैसे घातले, उरलेल्यासाठी पतसंस्थेचे कर्ज काढले. दीड वर्षात वजन ७६ किलोंवर आले. चाळीस किलो गेले! साखरेच्या गोळ्या सुटल्या. सोलापूरच्या एस. टी.त चढताना मागून कोणी ढकलावे लागेना. आरशात पाहताना, ही कोण बाई, असे वाटे.

मग तिसऱ्या वर्षी काटा थांबला. चौथ्या वर्षी तो हळूच मागे फिरला. ७७ झाले, ७९ झाले, आज ८२ आहे. खाण्याचा डबा तोच, चालणे तेच, गोळ्या वेळेवर. तरीही सहा किलो परत आले.

भगिनींनो, या सहा किलोंचे ओझे त्या चाळीस किलोंपेक्षा जड असते, हे सांगून पटणार नाही. ज्या दिवशी ब्लाउजचा हूक ओढून लावावा लागतो, त्या दिवशी मनात पहिला विचार येतो तो कर्जाच्या हप्त्याचा. हप्ते अजून फिटले नाहीत, आणि वजन मात्र परत निघाले! घरच्यांनी कोणी शब्द काढला नाही. पण त्यांच्या न बोलण्याचाही अर्थ लावत बसते. पंगतीत भाजी मागून घ्यायची चोरी वाटते. कोणी दोन घटका निरखून पाहिले, तर वाटते, मोजते आहे. एवढे केले, पैसा ओतला, पोट कापून घेतले, आणि शेवटी पालथ्या घड्यावर पाणी, असे रात्री झोप येईना की वाटत राहते. पुण्याला तपासणीला गेले की माझ्यासारख्याच पुष्कळ बाया बाहेरच्या बाकावर बसलेल्या असतात. त्यांच्याशी बोलून पाहिले. प्रत्येकीच्या तोंडी हेच होते. शस्त्रक्रियेचे भय कोणाला आठवत नव्हते. भय होते ते काट्याचे.

तेव्हा ही धास्ती कितपत खरी आहे, हे जाणून घ्यावे असे मला वाटले. माझी धाकटी मुलगी नर्सिंगचे शिक्षण घेते. तिने वाचून समजावून दिले ते सांगते.

स्वीडन देशात १९८७ सालापासून एक मोठा अभ्यास चालला. चार हजारांवर माणसे त्यात होती. सुमारे निम्म्यांची शस्त्रक्रिया झाली होती, निम्म्यांची नव्हती. त्यांना वर्षानुवर्षे तपासत राहिले, आणि २००७ साली त्याचा मोठा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात दिसले ते असे: आतडे जोडण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी शेकडा ३२ ने उतरले, दहा वर्षांनी पाहिले तर शेकडा २५ ने उतरलेले राहिले होते. जठराला नुसता पट्टा बसवलेल्यांचे २० वरून १४ वर आले. माझ्यासारखी जठराची नळी करण्याची पद्धत त्या अभ्यासात नव्हती. पण चाल तीच. आधी झपाट्याने उतरते, वर्ष-दोन वर्षांत तळ गाठते, मग थोडे चढते आणि पुढे बहुतेकांचे कुठेतरी स्थिरावते. आणि मुख्य गोष्ट ही की, थोडे वजन परत आले तरीही शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचे प्रमाण न झालेल्यांपेक्षा कमी होते.

हे ऐकले त्या दिवशी मी पाटी-पेन्सिल घेऊन स्वतःचा हिशेब मांडला. चाळीस गेले, सहा आले. चौतीस अजून गेलेलेच आहेत. चौतीस किलो म्हणजे केवढे तरी ओझे. ते मी माझ्या गुडघ्यांवरून उतरवून ठेवले आहे, आणि रोज उतरवून ठेवते आहे. इतके दिवस मी फक्त परत आलेले सहा मोजत होते.

आपल्या महाराष्ट्रातलेच एक ठाऊक असलेले उदाहरण देते. नागपूरचे श्री. नितीन गडकरी यांनी २०११ च्या सप्टेंबरात, ते भारतीय जनता पक्षाचे अध्यक्ष असताना, मुंबईत वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. पुढे २०२२ च्या फेब्रुवारीत उज्जैनच्या सभेत ते म्हणाले की, माझे वजन एके काळी १३५ किलो होते, आता ते ९३ आहे. तिथल्या खासदारांना त्यांनी जाहीर आव्हान दिले, की तुम्ही वजन कमी करा, जितके किलो उतरेल त्या प्रत्येक किलोमागे विकासकामांना एक हजार कोटी रुपये देतो! सभेत हशा पिकला. माझे लक्ष मात्र वर्षांकडे गेले. शस्त्रक्रियेनंतर दहा वर्षे उलटून गेली होती, आणि एक मोठा माणूस हजारो लोकांसमोर आपले वजन आकड्यासह सांगत होता. आपण बाया आपला आकडा नवऱ्यालाही सांगत नाही. त्यांचे राजकारण कोणाला पटो वा न पटो, ही गोष्ट घेण्यासारखी आहे.

आता वजन परत का येते? याला लोकांचे उत्तर तयार असते: "जिभेवर ताबा नाही." इतके सोपे ते नाही. आमच्या सासूबाईंनी १९७२ चा दुष्काळ पाहिला. त्या खडी फोडायला जात होत्या. सुकडी आणि मिलो ज्वारी खाऊन पोरे जगवली. त्यानंतर घरात सुगी कितीही आली तरी त्यांचा हात सैल सुटला नाही. चिमूटभर पीठ सांडले तर गोळा करून ठेवतात, कणगी भरल्याशिवाय त्यांना झोप येत नाही. भगिनींनो, आपले शरीर हे असेच दुष्काळ पाहिलेल्या सासूसारखे आहे. वजन झपाट्याने उतरू लागले की त्याला वाटते, दुष्काळ पडला. ते खर्च आटवते. आधी ज्या कामाला जितकी ऊर्जा जाळत होते, त्याच कामाला आता कमी जाळते. भूक लावणारे स्राव हळूहळू वाढवते, पोट भरल्याची खूण देणारे कमी करते. १९९४ साली न्यूयॉर्कच्या जेफ्री फ्रीडमन या शास्त्रज्ञांनी चरबीतून निघणारा लेप्टिन नावाचा स्राव शोधून काढला. अंगात चरबीचा साठा किती आहे, हा निरोप तो मेंदूकडे नेतो. साठा घटला की निरोप कमी जातो, आणि मेंदू भरण्याच्या मागे लागतो.

अमेरिकेत वजन उतरवण्याच्या स्पर्धेचा एक कार्यक्रम दूरदर्शन संचावर दाखवीत. त्यातल्या १४ स्पर्धकांना सहा वर्षांनी तपासले, त्याचा अहवाल २०१६ मध्ये आला. बहुतेकांचे बरेचसे वजन परत आले होते, आणि त्यांचे शरीर विश्रांतीत जितकी ऊर्जा जाळायला हवी होती, त्यापेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमीच जाळत होते. सहा वर्षांनीसुद्धा! आता सांगा, यात जिभेचा दोष किती आणि शरीराच्या कंजुषीचा किती? शस्त्रक्रियेने ही कंजुषी बरीच आटोक्यात राहते, म्हणून तर तिचा गुण टिकतो. पण ती समूळ जात नाही. त्यात आपल्या वयाला पाळी जाण्याचे दिवस येतात, थायरॉइड मागे लागतो, काही औषधांनीही वजन चढते. एवढी सगळी कारणे असताना बाईने सारा दोष स्वतःच्या कपाळी घेऊन बसू नये.

याचा अर्थ, आपल्या हाती काहीच नाही, असा मात्र कोणी घेऊ नये. सासू कडक असली म्हणून सून संसार सोडून देत नाही. तिचा स्वभाव ओळखून वागते. तसे काही वागण्याचे नियम आहेत. मी पाळते ते सांगते.

लहान झालेले जठर घट्ट अन्नाला अडवते, मऊ आणि पातळ गोडाला अडवत नाही. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, पिठले असे चावून खाल्ले की चार-सहा घासांत पोट गच्च होते. पण चहात बुडवलेली खारी, बिस्किटे, शेव, चिवडा, पेढा, लाडू, हे निसटून जातात. कितीही खाल्ले तरी पोट तक्रार करीत नाही. म्हणून जेवणापेक्षा येताजाता तोंडात टाकण्याकडे जास्त लक्ष द्यावे. चहाचेच पाहा. एका चमचा साखरेच्या सुमारे २० कॅलरी. दोन चमचे घातलेला चहा दिवसातून सहा वेळा घेतला, तर नुसत्या साखरेच्या २४० झाल्या. आणि आपल्याकडे पाहुणा उठेपर्यंत चहा दोनदा होतो.

जेवताना आधी डाळ, उसळ, अंडे, दही असे बळ देणारे खावे, मग भाकरी. शस्त्रक्रिया झालेल्यांनी रोज किमान ६० ग्रॅम प्रथिने घ्यावीत असे सांगतात. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम आणि पेलाभर दुधातही जवळपास तेवढीच असतात. म्हणजे साठचा आकडा सहज गाठत नाही, मुद्दाम लक्ष द्यावे लागते. पाणी जेवणाबरोबर पिऊ नये, अर्ध्या तासाने प्यावे. रोज चालावे; आठवड्याला निदान १५० मिनिटे. महामार्गाच्या कडेला ट्रकांच्या वर्दळीत चालणे जिवावरचे, म्हणून आम्ही तिघी शाळेच्या मैदानावर फेऱ्या घालतो. नुसते चालणे पुरत नाही, अंगातले मास टिकवण्यासाठी थोडे जोराचे कामही हवे. वजन आठवड्यातून एकदा, एकाच वारी, सकाळी, सारख्याच कपड्यांत करावे आणि वहीत लिहावे. रोज दहादा काट्यावर चढणे आणि महिनोन्‌महिने काटा पलंगाखाली सरकवून ठेवणे, दोन्ही धास्तीचीच लक्षणे.

आता मी ज्या गोष्टीसाठी मुद्दाम उभी राहिले, तिच्याकडे येते. ही धास्ती नुसती मनाला खात नाही, ती अंगालाही अपाय करते. कशी, ते सांगते. वजन दोन किलो वाढले की बाई घाबरून जेवणच तोडते. अंडे बंद, दूध बंद, डाळ बंद. दिवसभर काळा चहा. जठर लहान झालेल्या बाईला आधीच अन्नातून लोह, बी-१२, कॅल्शियम, ड-जीवनसत्त्व पुरेसे मिळत नाही, म्हणून त्या गोळ्या आणि रक्ताच्या तपासण्या तिला जन्मभर लागतात. त्यात उपाशी राहिली तर केस गळतात, हातापायांना मुंग्या येतात, रक्त कमी होते, चक्कर येते. मास झडते, आणि मास झडले की शरीर आणखी कमी जाळते. म्हणजे पुढच्या वेळी वजन जास्तच वेगाने वाढते. उलट्या सुरू होऊन दोन-तीन दिवस थांबल्या नाहीत, तर एका जीवनसत्त्वाच्या अभावी मज्जातंतूंना कायमची इजा होऊ शकते. तेव्हा घरी लिंबूपाणी पीत न बसता दवाखाना गाठावा. आणि सर्वांत वाईट गोष्ट ही की, वजन वाढलेली बाई लाजेने डॉक्टरकडे जाणेच बंद करते. 'त्यांना तोंड कसे दाखवू?' म्हणते. ज्या वेळी तिला जायला हवे, नेमकी त्याच वेळी ती जात नाही.

डॉक्टरला आपले तोंड बघायचे नसते, रक्त बघायचे असते. वजन लागोपाठ वाढतच चालले, तर थायरॉइड पाहतात, साखर पाहतात, चालू औषधे तपासतात, काय आणि कसे खातो ते विचारतात, गरज पडल्यास दुर्बिणीतून जठर पाहतात. काहींना दुसरी शस्त्रक्रियाही करता येते. शिवाय भूक कमी करणारी इंजेक्शने आपल्या देशातही आली आहेत. मौंजारो २०२५ च्या मार्चमध्ये आणि वेगोव्ही त्याच वर्षीच्या जूनमध्ये बाजारात आले. शस्त्रक्रियेनंतर वजन परत आलेल्या काही जणांना डॉक्टर तीही देतात. ती शेजारणीने घेतली म्हणून आपण घ्यायची गोष्ट नव्हे. आणि तिथेही शरीराचा स्वभाव तोच: वेगोव्हीतले जे औषध आहे, ते बंद केलेल्या रुग्णांचे पाहिले, तर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परत आला होता. तेव्हा उपाय कोणताही असो, लठ्ठपणा हा रक्तदाबासारखाच जन्माचा आजार समजून सांभाळावा लागतो. रक्तदाबाची गोळी पुन्हा वाढवावी लागली म्हणून कोणी लाजते का? मग इथेच लाज का?

हे झाले आमच्यासारख्यांनी करायचे. आता मंडळातल्या तुम्हा सर्व भगिनींकडे माझी काही मागणी आहे.

पहिली मागणी आग्रहाविषयी. आपल्या मराठवाड्यात आग्रह म्हणजे माया. येळवसेला शेतात कोपीजवळ पंगत बसली की भज्जी, उंडे, आंबील वाढताना वाढणारीचा हात आखडत नाही, आणि आखडूही नये; तो सण आपल्या काळ्या आईचा आहे. मीही त्या पंगतीला बसते. उंड्याचा एक तुकडा आणि वाटीभर भज्जी एवढ्यात माझी येळवस होते, आणि मनाला पुरते. पण "एवढंच? आमच्या हातचं गोड लागत नाही का?" असे म्हटले की घास घशात अडकतो, खरोखरीच अडकतो, कारण आत जागा नसते. त्याऐवजी घरी नेण्यासाठी डब्यात घालून द्या. माया डब्यातूनही पोचते.

दुसरी मागणी बोलण्याविषयी. माझे वजन उतरत होते तेव्हा घरच्यांना हळूच विचारीत, "काय झालंय हिला? मोठा आजार तर नाही ना?" आता विचारतात, "काय गं, पुन्हा भरलीस वाटतं?" बारीक झाले तरी चौकशी, जाड झाले तरी चौकशी. बोलणारणीच्या मनात काळे नसते, हे मला ठाऊक आहे. पण त्या एका वाक्याने बाई दोन दिवस जेवत नाही, हेही तुम्हाला ठाऊक असावे. विचारायचेच असेल तर, "गुडघा कसा आहे? चालायला येणार का?" असे विचारा. आणि घरातल्या वयात येणाऱ्या मुलींना 'जाडी', 'काडी' अशी नावे तर मुळीच ठेवू नका. ती नावे शस्त्रक्रियेनेही निघत नाहीत.

तिसरी मागणी मंडळाकडे आहे. हळदीकुंकवाला आपण पेढा आणि शेव-चिवडा देतो. त्याच्या जोडीला फुटाणे, काकडी, एखादे फळ ठेवावे. ज्यांना साखर आहे अशा भगिनी आपल्यात काही कमी नाहीत. त्यांचीही सोय होईल. नवरात्रात तुळजाभवानीचे उपवास नऊ दिवस चालतात. साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे यांनी उपवासात वजन उतरत नाही, वाढतेच. तेव्हा घटस्थापनेपूर्वी एखाद्या जाणत्या डॉक्टरीणबाईंना बोलावून उपवासात काय खावे याचे मार्गदर्शन ठेवावे. आणि मंडळाच्या खोलीत एक वजनकाटा व रक्तदाबाचे यंत्र आणावे. महिन्यातून एकदा ज्यांची इच्छा असेल त्यांनी वजन करावे, आपापल्या वहीत लिहावे, दुसरीचे विचारू नये. चारचौघींत काट्यावर पाय ठेवायची सवय झाली की त्याची भीती निम्मी होते.

शस्त्रक्रिया करावी की करू नये, हे मी कोणालाच सांगत नाही. ती सर्वांसाठी नाही, तिच्यात धोके आहेत, खर्च आहे, आणि जन्माचे पथ्य आहे. ज्यांना ती करायची आहे त्यांना एवढेच सांगेन, की 'आता कायमची सुटले' अशा समजुतीने टेबलावर जाऊ नका. घरच्यांनाही सोबत नेऊन डॉक्टरांना आधीच विचारा, की पाच वर्षांनी काय होते, दहा वर्षांनी काय होते. थोडे वजन परत येते हे आधी माहीत असले, तर ते आले त्या दिवशी आभाळ कोसळत नाही.

मला विचाराल तर धास्ती गेली का? नाही गेली. शनिवारी सकाळी काट्यासमोर उभी राहते तेव्हा छातीत अजून धडधडते. पण पाय ठेवते, आकडा लिहिते, आणि भाकऱ्या थापायला जाते. मागच्या शनिवारी ८२ होते. पुढच्या महिन्यात पुण्याची तपासणी आहे, आणि मी जाणार आहे. आपल्यापैकी कोणाची अशी तपासणी राहिली असेल, लाजेने वा पैशामुळे टळली असेल, तर तिने मला येऊन सांगावे. मी बरोबर येईन.